तोंडावर बोट

शाळेच्या फाटकापाशी रिक्षा थांबली तरी जॉबर उतरेना. मुलांची मावशी आधी उतरली, भाडं चुकतं केलं आणि आत वाकून बघायला लागली.

"भाऊजी, शाळा आहे ही. दवाखाना नाही. उतरा."

"ती आलीय का बघ आधी."

"आली असेल, नसेल. आपण आपल्या कामाला आलोय."

आपल्या कामाला नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. बायको गेल्यापासून लेकीनं घरात पाऊल टाकलं नव्हतं. ती याच शहरात राहायची, रक्तपेढीत कामाला होती. फोनवर "बरे आहात ना" एवढं विचारायची आणि उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवून द्यायची. धाकटा मुलगा परगावी. तो दोघांशी गोड बोलायचा आणि एकाचा निरोप दुसऱ्याला धड पोचवायचा नाही. जॉबरनं मनाशी एक कारण धरून ठेवलं होतं. मोठ्या दवाखान्यात हलवायला उशीर झाला, म्हणून लेक रागावली. राग रास्त होता असंच त्याला वाटायचं. म्हणून त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

आज ती येणार होती, ती आईसाठी. आईच्या वर्गाचा मेळावा होता. शाळा या वर्षाअखेर बंद होणार होती, तेव्हा एकदा सगळ्यांनी आपापल्या बाकावर बसून घ्यावं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं बायकोनंच. आजारी पडायच्या आधी तिनं एकेकाचा पत्ता काढून फोन केले होते. ती गेल्यावर तिच्या वर्गातल्या लांब्याचा जॉबरला फोन आला. "तिचा बाक रिकामा नको. तुम्ही या. पोरांना पण आणा."

"हे बघा," फाटकातून आत जाताना मावशी हळूच म्हणाली, "ती काही बोलली तर उलटून बोलू नका."

"मी कधी उलटून बोललोय?"

"नाही बोललात. तेच तर," मावशी म्हणाली आणि पुढं झाली.

वर्ग वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंतींना खालच्या अंगाला तपकिरी रंग, वर पांढरा. बाकांवर कर्कटकानं कोरलेली नावं, त्यावर पुढच्या पोरांनी कोरलेली नावं. आयुष्यभर बस चालवलेला लांब्या तिसऱ्या बाकात गुडघे घालायचा प्रयत्न करत होता आणि गुडघे आत जात नव्हते. वकीलसाहेब फळ्यापाशी उभे होते. उभं राहून बोलायची त्यांना सवय होती. पुढच्या बाकावर चिमणी बसली होती. शाळेत चिमणी होती म्हणे. आता पूर्ण बाक तिला एकटीला पुरत नव्हता.

चिमणीला जॉबर नीट ओळखत होता. शाळा संपल्यावर त्याची बायको आणि चिमणी दोघी एकदमच गिरणीत लागल्या होत्या. शेजारी-शेजारी मागावर उभ्या राहायच्या. तो तिथलाच जॉबर. माग अडला की दुरुस्त करायचा. गिरणी बंद होऊन जमाना लोटला तरी लोक त्याला जॉबरच म्हणायचे. मागांच्या आवाजानं त्याचे कान अर्धे गेले होते, चिमणीचे जवळजवळ सगळेच. तिनं त्याला बघून हात वर केला आणि उजवीकडचा, खिडकीलगतचा बाक दाखवला. बायकोचा बाक. तो जाऊन बसला. फळीवर हात ठेवला. फळी गुळगुळीत होती.

लेक आली ती मागच्या दारानं. शेवटच्या बाकावर बसली. मावशी जागची उठली आणि जाऊन तिच्या शेजारी बसली. जॉबरनं मान वळवून बघितलं, पण लेक खिडकीबाहेर बघत होती.

चहा फिरला. मग बोलणी सुरू झाली आणि बघता बघता सगळी पिपाणीवर आली. पिपाणी म्हणजे त्याची बायको. सतत वाजायची म्हणून पिपाणी.

"बाईंनी हिला मुलींतून उठवून आमच्या रांगेत बसवलं," लांब्या म्हणाला. "का, तर मुलांत बसली की गप्प बसेल. काय झालं? आम्ही पण बोलायला लागलो!"

"तू आधीपासूनच बोलत होतास," वकीलसाहेब म्हणाले.

"तुम्ही तर बोलूच नका. गृहपाठ तिचाच उतरवून पास झालात."

"तोंडी परवानगी होती."

सगळे हसले. लांब्या उठून उभा राहिला. बाईंसारखा कमरेवर हात ठेवला, नाकातून आवाज काढला. "हाताची घडी! तोंडावर बोट!" आणि वर्गातली सगळी म्हातारी माणसं खरंच हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसली. क्षणभर वर्ग चिडीचूप.

"असे सगळे गप्प," लांब्या बोट काढून म्हणाला, "आणि ही बोटाआडून चालूच! बाई पाठमोऱ्या झाल्या की आख्खी रांग हसायची, आणि छड्या आम्हाला. एकदा बाईंनी धरलंच. म्हणाल्या, काय बोललीस? ही म्हणते कशी, 'मी? बाई, माझ्या तोंडावर बोट आहे की!'"

हसता हसता वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. जॉबरही हसला. ही गोष्ट त्यानं बायकोच्या तोंडून किती वेळा ऐकली होती. पण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकताना ती पोर समोर दिसायला लागली. दोन वेण्या, बोटाआडून हलणारे ओठ. त्यानं पटकन चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

"आता घरच्यांनी दोन शब्द बोलावेत," वकीलसाहेब म्हणाले. "आधी यजमान."

जॉबर अर्धवट उठला. "मला नाही जमत बोलायला," म्हणाला आणि बसला.

"खरं आहे," मागून आवाज आला. "त्यांना नाही जमत. मी बोलते."

लेक उभी राहिली होती. मावशीनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तुम्ही सगळे मघापासून जिच्याबद्दल बोलताय ती मुलगी मला माहीत नाही," लेक म्हणाली. आवाज शांत होता. "आमच्या घरात तुमची पिपाणी कधी वाजलीच नाही. आमच्याशी बोलायची आई. जेवलात का, अभ्यास झाला का, सगळं. पण बाबा कामावरून आले की दोघांत एक शब्द नाही. तुमचा विश्वास बसेल? मी आईबाबांना एकमेकांशी गप्पा मारताना ऐकलेलंच नाही. आई स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच पुटपुटायची. समोर बघून, स्वतःशी. मैत्रिणी घरी आल्या की मला धास्ती वाटायची, आता आई पुटपुटणार आणि या बघणार. मोठी झाले तेव्हा कळलं. ज्याला बोलायचं असतं आणि ऐकणारं कुणी नसतं, तो असा स्वतःशी बोलतो."

"बस गं आता," मावशी म्हणाली.

"नाही मावशी. बोलू दे." लेकीनं बाकाची कड घट्ट धरली. "शेवटी तिच्या घशात नळी घातली. आवाज गेलाच. तेव्हाही ती पुटपुटत होती. आणि हे पलंगाच्या पायथ्याशी बसून होते. उशाशी नाही, पायथ्याशी. तिचा हात धरला नाही. आणि शेवटच्या दिवशी हे हसले. मी दारात उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आई जात होती आणि हे हसले."

कुणी हललं नाही. वकीलसाहेबांनी फळ्याकडे तोंड केलं. जॉबरनं मावशीकडे बघितलं आणि मावशीनं नजर खाली घातली. म्हणजे हिला माहीत होतं. इतके महिने त्याला डबा आणून देत होती, औषधं आणून देत होती, आणि हे मनात ठेवून होती. तिचंही मन लेकीच्याच बाजूला होतं.

दवाखाना नव्हता तर. हसणं होतं.

उठून सांगावं, तर सुरुवात कुठून करायची?

"काय झालं?" चिमणीचा आवाज वर्गभर घुमला. तिला स्वतःचा आवाज किती मोठा येतो ते कळायचं नाही. लेक मागं उभी असल्यामुळे तिला काहीच कळलं नव्हतं. "असे मेल्यासारखे काय बसलात सगळे? पोरगी काय म्हणाली?"

ती जॉबरकडे बघत होती. त्यानं तिला सांगितलं. काही ठरवून नाही. गिरणीच्या साळखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. तिथं सगळे जसे बोलायचे तसा तो बोलला. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर तोंड भरून. म्हणतेय, मी तिच्या आईशी कधी बोललोच नाही.

चिमणीच्या भुवया वर गेल्या. तीही ओठांनीच बोलली. कोण? तू? अरे, तुम्ही दोघं तर माग बंद पडला तरी थांबत नव्हतात.

म्हणतेय, ती एकटी पुटपुटायची.

पोरांना सांगितलं नाहीस?

काय सांगायचं?

"हे काय करताय तुम्ही?" लेक म्हणाली. ती बाकांच्या मधून पुढं आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा. हे काय करताय?"

"काही नाही. तिला ऐकू येत नाही, म्हणून सांगतोय."

"तुमचं तोंड." तिनं स्वतःच्या ओठांना हात लावला. "आई असंच करायची. अगदी असंच."

"मग कसं करणार?" चिमणी म्हणाली. तिनं लेकीचे ओठ वाचले होते. "अगं, मागावर सगळ्याजणी असंच बोलायचो आम्ही. त्या गोंगाटात दुसरं काय करणार? तुझी आई तर शाळेतून शिकूनच आली होती, बोटाआडून. पहिल्या दिवशी मागावर आली आणि दुपारपर्यंत चार ओळींपलीकडच्या बायकांशी भांडत होती!" ती एकटीच मोठ्यानं हसली. "नव्या पोरीला आम्ही आधी 'हो' शिकवायचो. ओठ गोल केले की झालं. 'नाही' यायला दिवस लागतात. म्हणून तर ह्या जॉबरनं विचारलं तेव्हा ही 'हो' म्हणून बसली. 'नाही' यायच्या आत!"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. लेक वळली आणि वर्गाबाहेर गेली.

जॉबर तिच्या मागोमाग गेला. ती व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी होती. खाली मैदानात रिकाम्या खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. मावशीही दारापर्यंत आली, पण बाहेर पडली नाही.

"भिंतीकडे बघून नव्हती बोलत ती," जॉबर म्हणाला. "माझ्याकडे बघून. तुम्ही दोघं दारात अभ्यासाला बसायचात, मी तुमच्या मागं, बाहेरच्या खोलीत. ती आतून बोलायची."

"आमच्या डोक्यावरून."

"डोक्यावरूनच. दोन खोल्या. त्यात आजीची झोप सावध. आवाज कशाला करायचा? आणि मला ऐकूही कमी यायचं. ओठ बरे पडायचे."

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

त्यानं खरंच विचार केला. "त्यात सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही गं. आपण पाऊल कसं टाकतो ते कुणी कुणाला सांगतं का? आणि मला वाटायचं, तुम्हाला माहीतच आहे. घरातलीच पोरं तुम्ही."

लेक खाली बघत म्हणाली, "शेवटच्या वर्षाला मला शाळा सोडावीशी वाटत होती. वर्गातल्या मुली चिडवायच्या, म्हणून. मी फक्त आईला सांगितलं होतं, रडत. आणि त्याच रात्री जेवताना तुम्ही एकदम म्हणालात, उद्यापासून मी सोडायला येतो. मला वाटलं, तुम्हाला असंच सुचलं."

"तिनं सांगितलं ना. तू ताटात मान घालून जेवत होतीस तेव्हा."

"आणि मी माझी पहिली वेणी घातली होती. वाकडी. तुम्ही म्हणालात, छान झालीय. तुमचं तर लक्षसुद्धा नव्हतं, पेपर वाचत होतात."

"ती म्हणाली, वेणी बघा, तिची तिनं घातलीय, छान म्हणा." तो थांबला. "वाकडी होती, ते पण तीच म्हणाली."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. हसते की रडते ते त्याला कळेना.

"हात का नाही धरलात तिचा?"

"हात धरायला उशाशी बसावं लागतं. उशाशी बसलं की ओठ दिसत नाहीत," तो म्हणाला. "तिला बोलायचं होतं. दिवसभर बोलायची. तू यायचीस तेव्हा डोळे मिटून घ्यायची, दमल्यासारखी. तुला तिचं काही कळायचं नाही आणि तू रडायला लागायचीस, म्हणून. मला म्हणायची, पोरीला घरी पाठवा, तिचे पाय सुजलेत."

"मला वाटलं, तिला भ्रम झालाय. रक्तपेढीच्या कामानं रोज वॉर्डात जाते, पेशंट बघते मी. तसंच पुटपुटतात."

"मला वाटलं, मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला, म्हणून तू रागावलीस."

"ते मी ठरवलं होतं, बाबा. तुम्ही नाही. तुम्ही तर न्यायचं म्हणत होतात." ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. किती दिवसांनी समोरासमोर बघत होती. "मग हसलात का?"

जॉबरनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"तो तरुण डॉक्टर आला होता. शेजारच्या पेशंटची माणसं मोठ्यानं बोलत होती, म्हणून त्यानं सगळ्यांकडे बघून असं केलं." त्यानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "आणि मग नेमका आपल्या पलंगाकडे वळून परत तसंच केलं. तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली..." त्याला थांबावं लागलं. "म्हणाली, आमच्या बाईंना जमलं नाही, ह्याला काय जमणार?"

लेक त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग मी हसलो. हसू नको तर काय करू? मी हसावं म्हणूनच बोलली होती ती. मी हसलो तशी तीही हसली, पण तिला आवाज नव्हता. तू दारात होतीस. तुला माझंच दिसलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. झोपली."

आता मात्र लेक रडत होती, हे त्याला नीट कळलं. दारातून मावशी पुढं आली. लेकीजवळ न जाता ती त्याच्याजवळ आली.

"भाऊजी, मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "मी कधी गिरणी बघितली नाही. सुट्टीत राहायला यायचे तेव्हा तुम्ही दोघं गप्प. मला वाटायचं, ताई किती बदलली. हिला मीच म्हणाले होते. तुझी आई लग्नाआधी अशी नव्हती, असं."

"असू दे," जॉबर म्हणाला.

"असू दे कसं?"

"असू दे म्हणजे असू दे. सांगणारी होती ती गेली. आपण राहिलेले, आपण चुकणारच."

आतून लांब्या ओरडला, "अहो, फोटो काढायचाय! उजेड आहे तोवर या!"

लेकीनं तोंड पुसलं. "चला," म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण आत गेली.

फोटो कुणी काढायचा यावर वाद झाला. वर्गातल्या माणसानं काढला तर तो फोटोत येणार नाही. मग सगळ्यांनी आपापले फोन लेकीच्या हातात दिले आणि ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. जॉबर उठायला लागला. तो काही या वर्गाचा नव्हे. पण चिमणीनं त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला परत बायकोच्या बाकावर बसवलं.

"बस रे. जागा रिकामी दिसेल."

"हाताची घडी!" लांब्यानं नाकातून आवाज काढला. "तोंडावर बोट!"

सगळ्यांनी ओठांवर बोटं ठेवली. जॉबरनंही ठेवलं. लेकीनं पहिला फोन वर धरला, टिचकी मारली, खाली ठेवला. दुसरा उचलला. प्रत्येक वेळी सगळे तसेच, हलायचं नाही, हसायचं नाही. लांब्याचे खांदे मात्र हलत होते.

मधेच लेकीनं फोन खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी बापाकडे बघितलं.

जॉबर बोटाआडून बोलला. घरी येतेस?

तिला कळलं नाही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग इकडंतिकडं बघितलं आणि तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. ओठ अडखळत होते, मागावर पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखे. पण त्याला नीट वाचता आलं. परत सांगा.

त्यानं बोट बाजूला केलं. फोटो बिघडला तर बिघडला. तोंड भरून, एकेक अक्षर सुटं करत, नव्या पोरीला सांगतात तसं त्यानं परत विचारलं. घरी येतेस?

तिनं त्याच्या ओठांवरून नजर हलवली नाही. फोन तिच्या हातात तसाच राहिला.

मग तिचे ओठ गोल झाले.